शेवटच्या सायकलीचा वेग

दिवाळीचा फराळ संपतो, शेतांतील धान कापणीला येते आणि रायपूरसारख्या उन्हाळ्याने गाजलेल्या शहरातही सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथेच डिसेंबरात दिवसभर उन्हात हिंडावे अशी हवा पडते. अशा दिवसांत पुष्कळ कुटुंबांत एक बेत हमखास निघतो : यंदा मोटार नको, बस नको, चार घरच्या मंडळींनी मिळून सायकलींवर सहलीस जावे. बेत उत्तम आहे. त्यात खर्च थोडा, व्यायाम भरपूर, आणि वाटेवरचे गाव खिडकीतून निसटून न जाता समोर येऊन उभे राहते.

परंतु असे पुष्कळ बेत पहिल्या वर्षानंतर पुन्हा निघत नाहीत, असेही दिसून येते. त्याचे कारण सायकलींत किंवा रस्त्यांत क्वचितच असते. ते बहुधा आखणीत असते. म्हणून सामुदायिक सायकल-सहलीची आखणी कशी करावी, याचा रायपूरच्या परिसरातील एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे या वेळी विचार करू. इतर राज्यांतील वाचकांनी गावांची नावे बदलून घ्यावीत. नागपूरकरांना रामटेक आहे, बडोदेकरांना डभोई आहे. हिशेब सर्वत्र तोच राहील.

पराक्रम आणि सहल

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. हा पराक्रम होता, आणि पराक्रमात सहा निघून तिघे परतले तरी कोणी बोल लावीत नाही. कौटुंबिक सहलीचे तसे नाही. आठ निघाले आणि पाच पोहोचले, तर त्या पाचांनी कितीही वेळेवर मुक्काम गाठला असला तरी ती सहल फसली असेच म्हणावे लागेल.

दुसरे उदाहरण अधिक उपयोगाचे आहे. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने निघालेली ‘भारत जोडो’ सायकल-यात्रा डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाली आणि एप्रिल १९८६ मध्ये पुरी झाली. शंभरावर तरुण-तरुणी तीत सामील होते आणि अंतर पाच हजार किलोमीटरांवर होते. या आकड्यांचा भागाकार केला, तर दिवसाला सरासरी पन्नासच्या आसपास किलोमीटर येतात. यात्रेकरू तरुण होते, निर्धाराने निघालेले होते. तरी वाटेतील मुक्काम, सभा आणि विश्रांती धरून एवढ्या मोठ्या समूहाची चाल दिवसाला सुमारे पन्नासच पडली. मग ज्या मंडळींत पंधरा वर्षांची मुले आहेत, साठी ओलांडलेले वडील आहेत आणि वर्षभर कचेरीत बसणारी माणसे आहेत, त्यांनी दिवसाला ऐंशी किंवा शंभर किलोमीटरांचा आकडा कागदावर का मांडावा? पंचेचाळीस ही कमाल मर्यादा समजावी, आणि दर दिवशी ती गाठण्याचा हट्टही धरू नये.

विसावा कोणाच्या वाट्याला येतो?

रायपुरात मराठी वस्ती जुनी आहे. बिंबाजी भोसले १७५८ साली छत्तीसगडचा कारभार पाहण्यास आले, त्या काळापासून मराठी घराणी या मुलखात नांदत आली. अशाच काही घरांतील आठ जणांची एक मंडळी आमच्या परिचयाची आहे. गेल्या हिवाळ्यात ही मंडळी सायकलींवर राजीमला जाऊन आली. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते. सर्व जण त्यांना काका म्हणत. काका हळू, पण न थांबता सायकल चालवीत. पुढची तरुण मंडळी दर दहा-बारा किलोमीटरांवर झाडाखाली थांबत, चहा घेत, गप्पा मारीत आणि काकांची वाट पाहत. काका येऊन पोहोचले की कोणीतरी मोठ्या आपुलकीने म्हणे, “आलात काका? चला मग, निघू या!”

राजीमचा संगम सर्वांनी आनंदाने पाहिला. पण त्यानंतरच्या फेऱ्यांना काका आले नाहीत. गुडघा दुखतो, असे त्यांनी सांगितले. पुढच्या बेताच्या बैठकीत त्यांची सून म्हणाली, “बाबांचा गुडघा दुखत नाही. त्या दिवशी तुम्ही सगळे चार वेळा बसलात, बाबा एकदाही बसले नाहीत.”

या एका वाक्यात सामुदायिक सहलीचे सारे गणित आले आहे. ते मांडून पाहू. पुढचा स्वार तासाला अठरा किलोमीटर जातो आणि शेवटचा बारा. बारा किलोमीटरांच्या टप्प्याला पहिल्याला चाळीस मिनिटे लागतात, शेवटच्याला साठ. म्हणजे पहिल्याला बसल्या जागी वीस मिनिटांचा विसावा मिळतो आणि शेवटचा येताच सर्व उठतात. चार टप्प्यांच्या प्रवासात जो सर्वांत सशक्त तो तासाभराहून अधिक विश्रांती घेतो, आणि ज्याला ती सर्वांत आवश्यक त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. उलट, आपण थांबून मोठे सौजन्य दाखविले असेच पुढच्यांना प्रामाणिकपणे वाटत असते. मागे पडणारा माणूस मात्र तक्रार करीत नाही. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो या संकोचाने तो पुढच्या वेळी घरी राहतो. आणि मंडळींचा समज होतो की, त्याला सायकलीची आवड उरली नाही.

उपाय साधा आहे. विसाव्याची वेळ शेवटची सायकल उभी राहिल्यापासून मोजावी. एवढा एकच नियम पाळला तरी सहलीचे स्वरूप बदलते. वर सांगितलेल्या मंडळींनी यंदाच्या सरावात तो पाळला आणि घड्याळ काकांच्याच हाती दिले. त्यांनी घड्याळ पाहून “आता निघू या” म्हटल्याखेरीज कोणी पायटा मारीत नाही.

हाच नियम आखणीलाही लावावा. अठ्ठेचाळीस किलोमीटरांचा दिवस असेल, तर हिशेब बाराच्या वेगाने करावा : चार तास चालविण्याचे, आणि तीन विसावे प्रत्येकी वीस मिनिटांचे. एकूण पाच तास झाले. त्यात पंक्चर, फोटो आणि वाटेतील देऊळ यांसाठी आणखी एक तास मिळवावा. डिसेंबरात रायपुरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. पावणेसातला निघणारी मंडळी पाऊण वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचतात आणि दुपार मोकळी राहते. साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. त्यानंतर सायकल रस्त्यावर नसावी, हा नियम आखणीच्या कागदावर सर्वांत वर लिहावा.

एक मार्ग : महानदीच्या काठाने

रायपूरभोवतालचा प्रदेश सपाट आहे. घाट नाहीत, मोठे चढ नाहीत; धानाची शेते, तलाव आणि गावे यांची रांग लागते. हौशी सायकलस्वारास याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. पाच मुक्कामांचा एक मार्ग येथे सुचवीत आहोत. अंतरे ढोबळ मानाने दिली आहेत.

पहिला दिवस रायपूरहून अभनपूरवरून राजीम, सुमारे ४५ किलोमीटर. अभनपूर वाटेत निम्म्याहून थोडे पुढे लागते. या बाजूस विसाव्या शतकाच्या आरंभापासून अरुंद मापाची छोटी आगगाडी धावत असे. ती बंद होऊन २०२५ मध्ये अभनपूरपर्यंत रुंद मापाची गाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी कोणाला परतावेसे वाटले तर आगगाडीचा किंवा बसचा मार्ग जवळ असणे, ही मोठी सोय आहे. सायकल बरोबर नेता येईल की नाही, एवढे स्थानकावर आधी विचारून ठेवावे.

राजीम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम आहे. राजीवलोचनाचे मंदिर काठावर, आणि कुलेश्वर महादेवाचे मंदिर नदीच्या पात्रातच उंच जोत्यावर उभे आहे. थंडीत पाणी ओसरलेले असते आणि वाळूचे विस्तीर्ण पात्र मोकळे होते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी असते आणि मुक्कामाला जागा मिळणे अवघड होते, म्हणून सहल त्यापूर्वी उरकावी.

दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवावा. सकाळी संगमावर वेळ घालवून पूल ओलांडावा, नवापाऱ्यास यावे आणि महानदी उजव्या हाताला ठेवून सुमारे पंधरा किलोमीटरांवरील चंपारणला जावे. पहिल्या दिवशीचा थकवा दुसऱ्या सकाळी जाणवतो. त्यामुळे सहलीचा दुसरा दिवसच बहुधा भांडणाचा ठरतो. तो लहान असला की पाय आणि स्वभाव दोन्ही ताळ्यावर राहतात. चंपारण हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान होय. त्यांचे आईवडील प्रवासात असताना १४७९ साली येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. वैष्णव यात्रेकरूंमुळे येथे धर्मशाळांची सोय आहे.

तिसरा दिवस चंपारणहून आरंग, वीस-पंचवीस किलोमीटर. आरंगचे भांड देऊळ हे प्राचीन जैन मंदिर अवश्य पाहावे. त्याच्या बाह्य भिंतीवर कोरीव काम खच्चून भरलेले आहे आणि गाभाऱ्यात तीन तीर्थंकरांच्या उभ्या मूर्ती आहेत. दुपारी येथे सायकलींची कसून तपासणी करावी, कारण पुढचा टप्पा सर्वांत कठीण आहे.

चौथा दिवस आरंगहून सिरपूर, सुमारे ४५ किलोमीटर. यातील पहिला मोठा भाग मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाचा आहे. महानदीचा लांब पूलही याच भागात लागतो. येथे मालमोटारी वेगाने जातात. हा भाग सकाळच्या पहिल्या दोन तासांत, रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक रांगेत आणि गप्पा न मारता पार करावा. आठ सायकलींची एक लांब रांग करण्यापेक्षा चार-चारांचे दोन गट करून मध्ये मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला टप्प्याटप्प्याने पुढे जाता येते. ज्यांना या भागाची धास्ती वाटते त्यांनी तो वाहनाने पार करावा. त्यात कमीपणा नाही. कुहरीच्या फाट्यावरून डावीकडे वळले की गर्दी मागे राहते आणि झाडीतून जाणारा शांत रस्ता सिरपूरला नेतो.

पाचवा दिवस सिरपुरात घालवावा. त्या दिवशी सायकल गावापुरतीच. हे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग या देशात येऊन गेला. येथील लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने आपला पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. दगडी द्वारपट्टीवर शेषशायी विष्णू आहे, आणि विटांवर खिडक्यांचे व जाळ्यांचे असे रेखीव काम आहे की, ती वीट आहे हे हात लावून पाहावेसे वाटते. मराठी वाचकांना आणखी एका कारणाने येथे आपलेपणा वाटेल. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञांनी १९५० नंतरच्या दशकात येथे उत्खनन केले आणि आनंदप्रभ कुटी विहार उजेडात आणला. त्या विहारातील भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धाची भव्य मूर्ती पाहिल्यावर चार दिवसांचा शीण उरत नाही.

येथून रायपूर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. सहाव्या दिवशी हे अंतर सायकलीने तोडण्याचा मोह टाळावा. मालवाहू टेंपो आधी ठरवून ठेवावा. सायकली त्यात घालाव्यात आणि मंडळींनी बसने किंवा मोटारीने परतावे. चार दिवसांत सव्वाशेवर किलोमीटर झाले, हे हौशी माणसाला पुरेसे आहे.

तयारी

सहलीपूर्वी तीन रविवार सरावाचे असावेत : पहिल्या रविवारी १५ किलोमीटर, दुसऱ्या रविवारी २५, तिसऱ्या रविवारी ३५ आणि तेही सर्व सामानासह. नवा रायपूरचे रुंद व तुलनेने मोकळे रस्ते यासाठी सोयीचे आहेत. सरावाचा हेतू दम वाढविणे एवढाच नसतो. शेवटच्या स्वाराचा खरा वेग कळावा आणि तो कागदावर लिहिला जावा, हा मुख्य हेतू होय.

सायकल महाग असण्याची गरज नाही. ती स्वतःच्या मापाची हवी. बैठकीवर बसून टाच खालच्या पायट्यावर टेकवली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, एवढी बैठक उंच असावी. ती खाली असली तर पहिल्या वीस किलोमीटरांतच गुडघे कुरकुरू लागतात, आणि दोष उगाच वयाला दिला जातो. ब्रेकचे रबर, साखळीचे तेल, चाकांतील हवा आणि मागील लाल परावर्तक ही चार ठिकाणे रोज सकाळी पाहावीत. हातपंप, रबरी ठिगळे, सोल्युशन, काचकागद, टायर काढण्याच्या पट्ट्या आणि प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब मंडळींत असावीच. पंक्चर काढता येणारी निदान दोन माणसे हवीत. एकच असेल तर नेमकी त्याचीच सायकल दोन किलोमीटर पुढे गेलेली असते. डोक्यावर हेल्मेट सर्वांच्या असावे, मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्याही. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरियरवर बांधावे. प्रत्येकी पाच-सहा किलोंपेक्षा अधिक नको.

कामे वाटून द्यावीत. सर्वांत पुढे असा माणूस असावा ज्याला हळू चालविता येते. हा गुण दिसतो तितका सोपा नाही. सर्वांत हळू चालणारा स्वार त्याच्या लगेच मागे असावा, म्हणजे पुढच्याला त्याचा वेग सतत जाणवतो. सर्वांत दमदार स्वार शेवटी असावा, कारण अडचण मागेच उद्भवते. हिशेब एकाने ठेवावा, वर्गणी समान घ्यावी. आणि कोणी मध्येच परतला तर त्याची उरलेली वर्गणी न मागता परत करावी.

स्त्रियांच्या सोयीचा विचार पुष्कळ आखण्यांत संकोचामुळे राहून जातो. मग बरोबर आलेल्या स्त्रिया दिवसभर पाणी कमी पितात आणि दुपारी डोके धरून बसतात. हे टाळावयाचे असेल तर विसाव्याच्या जागा झाडाची सावली पाहून न ठरविता स्वच्छतागृह पाहून ठरवाव्यात. पेट्रोल पंप, बसस्थानके, मंदिरांचे आवार ही ठिकाणे आधी कागदावर मांडून ठेवावीत. विसाव्याच्या जागा निवडण्याचे काम मंडळींतील एखाद्या स्त्रीकडेच द्यावे, हे उत्तम.

खाण्याची चिंता नको. सकाळी वाटेवरच्या हॉटेलांत तांदळाच्या पिठाचे चीले किंवा फरे मिळाले तर ते पोटाला हलके आणि दमाला पुरेसे असतात. लिंबू, मीठ, साखर जवळ ठेवावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हे दिवस धानाच्या खरेदीचे असतात, त्यामुळे पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर पुष्कळ भेटतील आणि काही ठिकाणी रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेले दिसेल. त्यावरून चाक नेऊ नये. ते कोणाच्या तरी वर्षाच्या श्रमाचे आहे. पौषी पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर छेरछेराचा सण दिसेल. मुले दारोदार धान मागत हिंडतात, आणि पाहुण्याला कोणी परके मानीत नाही.

घरी एक कागद ठेवून जावे. त्यावर रोजचा मार्ग, मुक्कामाची जागा आणि दोघांचे फोन क्रमांक असावेत. ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांसकट सर्वांना पाठ असावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी सरावापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि आपली औषधे कोठे ठेवली आहेत हे बरोबरच्या एकाला दाखवून ठेवावे.

शेवटी, जे चालविणार नाहीत त्यांच्याविषयी. प्रत्येक घरात असे कोणी तरी असते, ज्याला सायकल जमत नाही पण सहलीची हौस आहे. त्यांनी बसने राजीमला यावे, चंपारणला यावे, सिरपूरला थेट मोटारीने यावे. मुक्कामी गरम पाणी आणि चहा तयार ठेवणारे माणूस हे मंडळींचे पूर्ण सभासदच होय. वर्गणीच्या वहीत त्याचेही नाव असावे.

मुक्कामांचे आरक्षण, विशेषतः सिरपूरचे, महिनाभर आधी करावे. डिसेंबर-जानेवारीत तेथे पर्यटकांची वर्दळ असते. पहिला सराव येत्या रविवारीच ठेवावा. आणि त्या दिवशी वेग कोणाचा धरावयाचा, हे निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष मोकळेपणाने सांगून टाकावे.